अंडररायटिंग: पहिली फाइल समोर आली की काय करायचं

अंडररायटिंग म्हणजे शब्दशः खाली लिहिणं. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये एडवर्ड लॉइड यांच्या कॉफीगृहात जहाजमालक, कप्तान आणि व्यापारी जमायचे. जहाजाचं नाव, माल, प्रवासाचा मार्ग आणि विम्याची रक्कम एका कागदावर लिहिलेली असायची. ज्याला त्या सफरीची जोखीम झेपणारी वाटे, तो मजकुराखाली सही करून आपण किती हिस्सा उचलतो ते नोंदवायचा. जहाज सुखरूप परतलं तर प्रीमियम त्याचा. बुडालं तर आपल्या हिश्शाचे पैसे त्याने मोजायचे.

आज कागदाची जागा स्क्रीनने घेतली आहे, पण सही करणाऱ्यापुढचे प्रश्न तेच चार आहेत: ही जोखीम घ्यायची का, किती घ्यायची, कोणत्या भावाने आणि कोणत्या अटींवर? नवखा माणूस पहिल्या प्रश्नापाशीच अडकतो आणि हो-नाही करत बसतो. प्रत्यक्षात बहुतेक फाइलींचा निकाल उरलेल्या तीन प्रश्नांवर लागतो.

हा शब्द तीन ठिकाणी भेटतो. विम्यात अंडररायटर दुसऱ्याची जोखीम प्रीमियमच्या बदल्यात कंपनीवर घेतो. कर्जात तो दोन गोष्टी तपासतो: कर्जदार पैसे फेडेल का, आणि नाही फेडले तर तारणातून किती सुटतील. शेअर किंवा रोखे बाजारात येताना तो विकणाऱ्याला शब्द देतो, लोकांनी घेतले नाहीत तर आम्ही घेऊ. बिनसलं तर भुर्दंड कोणाला, आणि त्याचा मोबदला आज पुरेसा घेतलाय का, हे तिन्हीकडे पाहावं लागतं. विम्यातलं काम नीट कळलं की बाकीची दोन सोपी जातात, म्हणून इथे जास्त जागा विम्याला दिली आहे. (पुढच्या सगळ्या रकमा कुठल्याही चलनात समजा.)

पहिली पायरी: विमा कोणाचा, आणि का?

फाइल उघडल्यावर वैद्यकीय अहवालांकडे धाव घेऊ नका. आधी तीन नावं पाहा: विमा कोणाचा, प्रीमियम कोण भरणार, पैसे कोणाला मिळणार. या तिघांचं नातं पटण्यासारखं हवं. ज्याच्या मरणाने किंवा ज्या वस्तूच्या नाशाने आपलं आर्थिक नुकसान होतं, त्याचाच विमा काढता येतो. याला विमायोग्य हितसंबंध म्हणतात. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये लोक नामवंतांच्या आयुष्यावर पॉलिसी काढून चक्क पैजा लावत. ते थांबवायला इंग्लंडमध्ये १७७४ साली कायदा करावा लागला. जीवनविम्यात हा हितसंबंध पॉलिसी घेताना पाहतात. मालमत्तेच्या विम्यात तो नुकसान होतं त्या वेळीही असावा लागतो. घर विकून टाकल्यावर त्या घराच्या आगीचे पैसे जुन्या मालकाला मिळत नाहीत.

मग रक्कम पाहा. जीवनविम्याची रक्कम साधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या पटीत मोजतात. तरुण वयात ती २० ते २५ पटींपर्यंत चालते आणि पन्नाशीनंतर पट बरीच खाली येते, कारण कमाईची वर्षं कमी उरलेली असतात. नवखे इथे एक चूक हमखास करतात: फक्त आपल्या कंपनीतली रक्कम मोजतात. अर्जदाराने तीन कंपन्यांकडे एकाच महिन्यात अर्ज केला असेल तर प्रत्येकीला आपली रक्कम वाजवीच दिसते. बेरीज सगळीकडची करायची, चालू अर्जांसकट. उत्पन्नाशी न जुळणारी रक्कम हा तब्येतीइतकाच गंभीर इशारा आहे.

दुसरी पायरी: अर्ज आडवा-उभा वाचणं

प्रपोजल फॉर्म क्रमाने वाचला तर सगळं ठीक वाटतं. तो एकमेकांशी ताडून वाचायचा. व्यवसायाच्या रकान्यात ‘व्यवस्थापक’ लिहिलंय, पण कशाचा? कार्यालयातला व्यवस्थापक आणि खाणीत उतरणारा व्यवस्थापक यांचा भाव एक नसतो. मधुमेहाच्या प्रश्नाला ‘नाही’, पण चालू औषधांत मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध. तंबाखूला ‘नाही’, पण लघवीच्या तपासणीत कोटिनीन सापडलंय. शरीरात गेलेल्या निकोटिनपासून ते तयार होतं आणि शेवटच्या झुरक्यानंतर काही दिवस मागे राहतं. उपाशीपोटीची साखर आदल्या दोन दिवसांत पथ्य पाळून खाली आणता येते. एचबीए१सी ही चाचणी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, म्हणून दोन्हींत तफावत दिसली की एचबीए१सीवर जास्त विसंबायचं.

कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे. तो परत पाठवायचा. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण दाव्याच्या वेळी भांडण होतं ते बहुधा अशाच रकान्यांवरून. कोरी जागा पाहूनही तुम्ही पॉलिसी दिली असेल, तर ‘आम्हाला सांगितलं नाही’ असं म्हणायला तोंड उरत नाही.

हे तत्त्व जुनं आहे. सुमात्रा बेटावरच्या फोर्ट मार्लबरो या ठाण्याचे गव्हर्नर जॉर्ज कार्टर यांनी शत्रूने ठाणं काबीज करण्याच्या जोखमीवर विमा काढला होता. फ्रेंचांनी ठाणं घेतलं, तेव्हा चार्ल्स बोम या अंडररायटरने ठाण्याची कमकुवत स्थिती लपवली म्हणून पैसे द्यायला नकार दिला. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी निकाल दिला. विमा हा पराकोटीच्या सद्भावनेचा करार आहे आणि महत्त्वाची माहिती लपवली तर तो रद्द होतो, हे त्यांनी ठामपणे मांडलं. तरी खटला मात्र कार्टर जिंकले. कारण जे अंडररायटरला माहीत होतं किंवा लंडनमध्ये बसून माहीत असायला हवं होतं, ते सांगण्याचं बंधन समोरच्यावर नव्हतं. पाठ्यपुस्तकांत सद्भावनेची बाजू रंगवून सांगतात. खुर्चीवर बसणाऱ्याने निकालाची दुसरी बाजू जास्त लक्षात ठेवावी. विचारणं हे आपलं काम आहे.

तिसरी पायरी: मोजमाप

जीवनविम्यात आज वापरली जाणारी गुणपद्धत न्यूयॉर्क लाइफ कंपनीतले डॉक्टर ऑस्कर रॉजर्स आणि विमागणिती आर्थर हंटर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवली. त्या वयाच्या सर्वसामान्य निरोगी माणसाचा मृत्युधोका म्हणजे १००. त्यात प्रतिकूल गोष्टींचे गुण मिळवायचे, अनुकूल गोष्टींचे वजा करायचे.

एक फाइल घेऊ. वय ४४, विमा रक्कम ५० लाख. वजन उंचीच्या मानाने बरंच जास्त: अधिक ५०. रक्तदाब आहे, गोळीने आटोक्यात: अधिक २५. आई-वडील दोघेही ऐंशीच्या पुढे, हृदयविकार नाही: वजा १५. बेरीज १६०. (प्रत्येक कंपनीचं नियमपुस्तक वेगळं असतं, हे गुण रीत समजण्यापुरते आहेत.) वर्ग बहुधा २५-२५च्या टप्प्यांनी केलेले असतात, म्हणून १६० सर्वांत जवळच्या १५०च्या वर्गात जातं. म्हणजे मृत्युखर्चाच्या (प्रीमियममधल्या मृत्युदाव्यांसाठीच्या) भागावर ५० टक्के लोडिंग, म्हणजे जादा आकार. त्या वयाला तो खर्च हजारी २ (विमा रकमेच्या दर हजारामागे २) धरला तर ५० लाखांना वर्षाला १०,००० होतात. लोडिंग धरून १५,०००. ऑफिसखर्चाचा भाग वाढवायचं कारण नाही, कारण वजन जास्त असलेल्या माणसाची फाइल सांभाळायला जास्त खर्च येत नाही.

या बेरजेत एक खोच आहे. काही गोष्टी एकमेकींना बळ देतात. वजन, रक्तदाब आणि साखर तिन्ही एकत्र असतील तर एकत्रित धोका सुट्या गुणांच्या बेरजेहून जास्त असतो. नियमपुस्तकात अशा जोड्यांसाठी वेगळे तक्ते असतात, ते न पाहता केलेली बेरीज कमी भरते. उलट, एकच गोष्ट दोनदा मोजायचीही चूक होते: वजनाचे गुण लावले, आणि त्याच वजनामुळे यकृताच्या चाचणीत किंचित वाढलेल्या आकड्याचे पुन्हा वेगळे लावले. अनुकूल गुणांचाही मोह आवरावा. उत्तम ट्रेडमिल अहवालाने रोजचं धूम्रपान पुसलं जात नाही.

लोडिंग टक्क्यांत लावायचं की हजारी ठरावीक रकमेत, हेही कळायला हवं. आजाराचा धोका वयाबरोबर वाढतो, म्हणून तिथे टक्के. पाणबुड्याचं काम किंवा गिर्यारोहण यांचा धोका वयाशी फारसा बांधलेला नसतो, म्हणून तिथे हजारी ठरावीक जादा रक्कम. हजारी अडीच लावले तर ५० लाखांना १२,५००. ते काम सोडल्याचा पुरावा आला की ही जादा रक्कम काढून टाकता येते. कर्करोगाच्या उपचारानंतर हीच पद्धत ठरावीक वर्षांपुरती वापरतात, कारण पहिल्या काही वर्षांतला धोका पुढे उतरत जातो.

मालमत्तेच्या विम्यात डॉक्टरच्या जागी पाहणी करणारा अभियंता असतो आणि त्याचा अहवाल चार गोष्टींभोवती फिरतो: बांधकाम कशाचं, आत काय चालतं, बचावाची साधनं काय, शेजारी काय आहे. भिंती पत्र्याच्या दिसतात, पण दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो आणि आग लागली की तो धूर ओकत जळतो. अहवालात नुसतं ‘लोखंडी बांधकाम’ वाचून पुढे जाऊ नका. स्प्रिंकलर आहेत, ठीक. पण त्यांची मुख्य झडप उघडी आहे का? स्प्रिंकलर बसवल्यानंतर रॅकची उंची वाढवली का? सर्वसाधारण स्प्रिंकलरच्या खाली माल आणि स्प्रिंकलरचं तोंड यांच्यात साधारण ४५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. पेट्या छताला टेकल्या असतील तर पाणी पसरतच नाही. वेल्डिंगचं काम कोणाच्या लेखी परवानगीने होतं, आणि काम संपल्यावर निदान तासभर कोणी तिथे पहाऱ्याला थांबतं का? मोठ्या आगींची सुरुवात पुष्कळदा अशा दुरुस्तीच्या ठिणगीतून होते, आणि ती पेटते कामगार घरी गेल्यावर.

इथून निघतो तो आकडा म्हणजे एका घटनेत जास्तीत जास्त किती जाईल. दोन गोदामं वेगळ्या पॉलिसींत आहेत म्हणून ती दोन जोखमी होत नाहीत. दोघांवर एकच छप्पर असेल, किंवा मधली भिंत छताच्या वर गेलेली नसेल, तर आगीच्या दृष्टीने ते एकच गोदाम.

रक्कम कमी दाखवण्याचा प्रकारही इथलाच. ८० लाखांच्या मालाचा विमा ६० लाखांना काढला, २० लाखांचा माल जळला. सरासरीचं कलम असलेल्या पॉलिसीत भरपाई मिळते ६० भागिले ८०, म्हणजे तीन-चतुर्थांश: १५ लाख. उरलेले पाच लाख विमेदाराच्या माथी. अर्जदाराला हे पॉलिसी देतानाच सांगणारा अंडररायटर पुढचं भांडण वाचवतो.

चौथी पायरी: भाव

भावाचा पाया साधा आहे: किती वेळा आणि किती मोठं. हजार पॉलिसींत वर्षाला २० दावे येतात आणि सरासरी दावा ५०,००० चा असतो, तर एकूण १० लाख, पॉलिसीमागे १,०००. हा झाला निव्वळ जोखमीचा भाव. खर्च, कमिशन आणि नफा मिळून प्रीमियमचे ३५ टक्के जातात असं धरा. नवखा १,००० वर ३५ टक्के चढवून १,३५० लावतो. चुकलं. ते ३५ टक्के शेवटच्या प्रीमियमचे आहेत. १,३५० मधून ३५ टक्के गेले की उरतात साधारण ८७८, आणि दाव्यांना लागतात १,०००. बरोबर आकडा १,००० भागिले ०.६५, म्हणजे १,५३८. ही चूक एका फाइलीत दिसत नाही. हजार फाइलींनंतर वर्षअखेरीला दिसते.

वर्षअखेरीचा तो आकडा म्हणजे एकत्रित गुणोत्तर: दावे आणि खर्च मिळून प्रीमियमच्या किती टक्के झाले. दावे ६८ आणि खर्च ३४ असतील तर १०२. शंभराच्या वर गेलं की अंडररायटिंगमध्ये तोटा. कंपनी तरली तर गुंतवणुकीच्या उत्पन्नावर.

सगळ्यांना एकच सरासरी भाव लावायचा मोह होतो, दिसायला ते न्याय्यही वाटतं. पण विमा घेणं ऐच्छिक असेल तर निरोगी लोकांना तो महाग वाटतो आणि ते बाहेर पडतात; मागे राहतात ते ज्यांना दाव्याची खात्री आहे. भाव वाढवावा लागतो, पुन्हा त्यातले बरे लोक निघून जातात. याला प्रतिकूल निवड म्हणतात. एडमंड हॅली (धूमकेतूवाले तेच) यांनी १६९३ साली ब्रेस्लाव शहरातल्या नोंदींवरून वयवार मृत्यूचा तक्ता छापला होता. वयानुसार प्रीमियम शास्त्रशुद्ध रीतीने लावणारी इक्विटेबल ही संस्था मात्र १७६२ साली उभी राहिली. म्हणजे गणित सापडल्यापासून ते वापरात यायला जवळपास सत्तर वर्षं गेली.

पाचवी पायरी: अटी आणि हिस्सा

भाव वाढवून प्रत्येक प्रश्न सुटत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलंच असेल तर आरोग्यविम्यात कितीही लोडिंग लावलं तरी तो विमा राहत नाही, उसनवारी होते. तिथे ते वगळायचं किंवा प्रतीक्षाकाळ लावायचा. निदान अर्धवट असेल, उदाहरणार्थ गाठीचा बायोप्सी अहवाल यायचाय, तर निर्णय पुढे ढकलायचा. ‘पोस्टपोन’ म्हणजे ‘डिक्लाइन’ नव्हे, हे पत्रात स्पष्ट लिहा. कारण पुढच्या कंपनीच्या अर्जात ‘पूर्वी नाकारलं गेलंय का’ हा प्रश्न असतो आणि अर्जदार तिथे भलतंच उत्तर देऊन बसतो. मालमत्तेत लहानसहान दाव्यांचा त्रास असेल तर पहिली ठरावीक रक्कम विमेदाराने सोसायची अट घाला. हलगर्जीपणाही त्याने जरा कमी होतो.

मग हिस्सा. कंपनी एका जोखमीवर स्वतःकडे किती ठेवणार याची मर्यादा ठरलेली असते. वरचं पुनर्विम्याला, म्हणजे विमा कंपनीची जोखीम उचलणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे जातं. नेहमीच्या फाइली वार्षिक कराराखाली आपोआप जातात, अवजड किंवा चमत्कारिक फाइल एकेकटी विचारून द्यावी लागते. पुनर्विम्याची संमती हातात येण्याआधी पॉलिसी सोडायची नाही. कराराच्या वगळणुकीत आपली फाइल बसत नाही ना, हे पाहायला विसरलात तर सगळी जोखीम गुपचूप आपल्याच अंगावर राहते.

लॉइड्सच्या बाजारात हिस्सेवाटपाची जुनी रीत अजून जिवंत आहे. आघाडीचा अंडररायटर स्लिपवर (जोखमीचा तपशील लिहिलेल्या कागदावर) भाव आणि अटी ठरवून पहिली ‘लाइन’ लिहितो. बाकीचे त्याच्यामागून आपापले टक्के लिहितात. सगळ्या लाइनींची बेरीज कधीकधी १०० च्या वर जाते. १२५ झाली तर प्रत्येकाचा हिस्सा त्या प्रमाणात खाली येतो: ज्याने १० लिहिले त्याचे ८ राहतात. काहीजण हे गृहीत धरूनच फुगवून लिहितात. मग एखाद्या वेळी स्लिप भरत नाही, आणि झेपत नसलेले १० टक्के पूर्णच्या पूर्ण गळ्यात पडतात.

कर्जाची फाइल

इथे पाच गोष्टी पाहतात: माणसाची परतफेडीची सवय, फेडण्याची ताकद, स्वतःचं भांडवल, तारण आणि बाजाराची परिस्थिती. नवख्याचा जीव तारणात अडकतो. ताकद आधी पाहा. तारण विकावं लागणं म्हणजे फाइल फसल्याची कबुलीच.

६० लाखांच्या घरावर ४८ लाखांचं कर्ज, म्हणजे किमतीच्या ८० टक्के. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे ४३,१९० येतो. अर्जदाराचं उत्पन्न १,२०,००० आणि आधीचा हप्ता १२,०००. एकूण ५५,१९०, उत्पन्नाच्या ४६ टक्के. बऱ्याच ठिकाणी मर्यादा ४० ते ५० च्या दरम्यान असते, म्हणजे बसतंय. आता व्याज बदलतं असेल तर हेच ११ टक्क्यांनी करून पाहा: हप्ता सुमारे ४९,५५०, एकूण ६१,५५०, उत्पन्नाच्या ५१ टक्क्यांवर. दर दोन टक्क्यांनी चढला की ही फाइल मर्यादेबाहेर जाते. मुदत वाढवून हप्ता बसवण्याआधी हा हिशेब फाइलीत लिहून ठेवा.

बँकखात्याचा उतारा ओळ न ओळ वाचायचा. दर महिन्याच्या ५ तारखेला ७,८५० जातायत आणि अर्जात ‘चालू कर्ज: नाही’ आहे? तो हप्ताच आहे. अर्जाच्या पंधरा दिवस आधी खात्यात एकदम मोठी रक्कम जमा झालीय? घराची सुरुवातीची रक्कम उसनी आणली असेल तर स्वतःचं भांडवल कागदावरच आहे. पगार दर महिन्याला येतो पण तिसऱ्या दिवशी खातं कोरडं होतं. उत्पन्नाच्या दाखल्यात हे कधी दिसत नाही. व्यवसायाच्या कर्जात नफ्याऐवजी हातात येणारी रोकड मोजा: वर्षाला २५ लाख उरतात आणि मुद्दल-व्याज मिळून २० लाख भरायचेत, तर गुणोत्तर १.२५. बहुतेक देणाऱ्यांना निदान एवढी सवड लागते.

घरकर्जाच्या फाइली यंत्राने तपासणं अमेरिकेत फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या संस्थांनी १९९५ साली मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. सरळ फाइली मिनिटांत सुटतात, हे चांगलंच झालं. पण २००८ च्या आर्थिक संकटाआधी तिथे अर्जदाराने सांगितलेलं उत्पन्न पडताळल्याशिवाय कर्जं दिली गेली. मंजूर करणारा ते कर्ज लगेच पुढे विकून मोकळा व्हायचा. सही त्याची आणि भुर्दंड भलत्याचाच. कॉफीगृहातला करार याच्या बरोबर उलटा होता.

शेअरविक्रीची हमी

शेअर किंवा रोख्यांच्या अंडररायटिंगमध्ये पहिला प्रश्न करार कुठल्या प्रकारचा, हा. ठाम हमीत अंडररायटर सगळे शेअर ठरलेल्या भावाने स्वतः विकत घेतो आणि पुढे विकतो. उरले तर त्याचे. ‘शक्य तेवढे प्रयत्न’ या करारात तो फक्त विकायला मदत करतो. नाव अंडररायटिंगचं असलं तरी जोखीम कंपनीचीच राहते. गुंतवणूकदाराने माहितीपत्रकात हे एक वाक्य शोधून वाचावं. घेण्या-विकण्याच्या भावातला फरक हा अंडररायटरचा मोबदला. अमेरिकेत मध्यम आकाराच्या पहिल्या विक्रीत तो वर्षानुवर्षं ७ टक्क्यांच्या आसपास राहिला आहे.

ग्रीनशू ही तरतूद नवख्यांना कोड्यात टाकते. ग्रीन शू मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या विक्रीत ती प्रथम वापरली गेली, म्हणून हे नाव. कंपनी १ कोटी शेअर विकतेय, पण अंडररायटर १ कोटी १५ लाख वाटतो. म्हणजे १५ लाखांची त्याची तूट आहे. भाव पडला तर तो तेवढे बाजारातून घेतो. तूट भरते आणि पडत्या भावाला आधारही मिळतो. भाव चढला तर बाजारातून घेणं महाग पडेल, म्हणून साधारण ३० दिवसांच्या मुदतीत तो कंपनीकडून मूळ भावाने १५ लाख जादा शेअर मागून घेतो.

हमी अंगावर कशी येते याचं ठळक उदाहरण १९८७ चं आहे. ब्रिटिश सरकार बीपी या तेलकंपनीतला आपला हिस्सा विकायला निघालं होतं आणि विक्रीचा भाव ३३० पेन्स ठरवून अंडररायटरांनी सह्या केल्या होत्या. विक्री पूर्ण होण्याआधीच १९ ऑक्टोबरला जगभरचे बाजार कोसळले. अमेरिकेतला डाऊ निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. बीपीचा बाजारभाव विक्रीच्या भावाखाली गेला, अर्ज करायला कोणी धजेना आणि शेअर हमीदारांच्या अंगावर पडले. त्यांच्या हिशेबात फार काही चुकलं नव्हतं. सही आणि विक्री यांच्यातले दिवस त्यांनी विकत घेतले होते, आणि नेमके तेच दिवस वाईट निघाले. म्हणून हमीचा करार वाचताना तारखा आधी पाहा, आणि कुठल्या परिस्थितीत माघार घेता येते ते कलम त्यानंतर.

फाइल बंद करण्याआधीची नोंद

निर्णय बरोबर असूनही नोंद नसेल तर तीन वर्षांनी दाव्याच्या टेबलावर तो तुमच्या बाजूने बोलत नाही. ‘सर्व ठीक, मंजूर’ ही नोंद नव्हे. वरच्या ४४ वर्षांच्या फाइलीची नोंद अशी असावी:

‘रक्कम ५० लाख; इतर कंपन्यांतली धरून एकूण ९० लाख, उत्पन्नाच्या ९ पट, वाजवी. वजन अधिक ५०, रक्तदाब (४ वर्षं, एक गोळी, तीन मोजण्या आटोक्यात) अधिक २५, कुटुंब वजा १५, एकूण १६०. साखर आणि मूत्रपिंड चाचण्या सामान्य, म्हणून एकत्रित धोक्याचा तक्ता लावला नाही. तंबाखूचा रकाना कोरा होता, परत पाठवला, ‘नाही’ असं सहीनिशी आलं, कोटिनीन निगेटिव्ह. निर्णय: वर्ग १५०, लोडिंग ५० टक्के. पुनर्विमा वार्षिक कराराखाली.’

काय लावलं याच्या जोडीला काय लावलं नाही आणि का, हेही त्यात आहे. लोडिंगचा प्रस्ताव अर्जदाराला लेखी पाठवा आणि त्याची सही येईपर्यंत पॉलिसी चालू करू नका. प्रस्तावाची मुदत उलटून सही आली तर त्या मधल्या काळात काही आजार, तपासणी किंवा कामातला बदल झाला का, याचं नवं निवेदन घ्या आणि फाइल पुन्हा दुसऱ्या पायरीपासून वाचा.